लाल डबा, निळा डबा

भीमराजनं ब्रेकच्या सिलिंडरमध्ये बोट घातलं आणि आतलं रबर ओढलं. ते निघेना. तारेच्या आकड्यानं उकरून काढलं तेव्हा तळहातावर जे आलं, ते पाहून तो दोन पावलं मागं सरला. बटणाएवढं असायचं ते रबर रात्रभर भिजलेल्या वालासारखं टम्म फुगलं होतं. चिमटीत धरताच त्याचा लगदा झाला.

“बाई,” तो म्हणाला, आणि तो लगदा त्यानं पुढं धरला.

सुहासिनीबाई गॅरेजच्या दारातल्या बाकावर बसल्या होत्या. चिंचवडच्या शाळेत त्या शिकवत. यजमान गेल्यावर त्यांनी त्यांची जुनी हिलमन गाडी विकली नव्हती, आणि ती चालवणाऱ्या धोंडीबांनाही सोडलं नव्हतं. उद्या खंडाळ्याचा घाट उतरून पनवेल गाठायचं होतं. तिथं लेकीचे, चित्राचे, दिवस भरत आले होते.

“ब्रेकमध्ये इंजिनाचं तेल पडलंय,” भीमराज कसाबसा म्हणाला. “ह्या जुन्या गाड्यांत झाडाच्या चिकाचं रबर असतं. त्याला एरंडेलापासून केलेलं ब्रेक ऑइलच सोसतं. दुसरं तेल गेलं की हे असं होतं. उद्या घाटात पायाखाली काही लागलंच नसतं, बाई.”

बाईंनी पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला.

“कुणी ओतलं?”

“मीच की!” गाडीला टेकून उभे असलेले धोंडीबा म्हणाले. “पर लाल डब्यातलं. लाल डबा ब्रेकचा, निळा इंजनाचा. आमच्या म्हाळुंग्याच्या शेंबड्या पोराला बी ठावं हाय. त्वा मला शिकवू नगंस, मिस्त्री.”

“मग मामा, रबर काय हवा खाऊन फुगलं?”

“हवा खाऊन तर तू फुगलायस, गॅरेज टाकल्यापासनं.”

एरवी भीमराज खदखदून हसला असता. आज त्यानं डिकीतले दोन्ही डबे आणले आणि टेबलावर शेजारी शेजारी मांडले.

“दावा बरं, कुठला ओतलात?”

धोंडीबा ताठ झाले. पुढं आले. त्यांनी हात लांबवला, आणि तो हात डब्यांच्या अलीकडं, नुसत्या हवेत मिटला. उघडला. पुन्हा मिटला.

भर दुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं. डब्याचा लाल रंग डोळ्यांत खुपावा असा पेटला होता.

भीमराजनं धोंडीबांच्या डोळ्यांकडं पाहिलं.

तेवढ्यात बाई बोलल्या. मान खालीच, नजर तेवढी डब्यांकडं, आवाज हळू, निजत्या लेकराला थोपटावं तसा सवयीचा.

“जरा उजवीकडं, धोंडीबा. आणखी. हां.”

हात नेमका लाल डब्यावर आला.

“ह्यो!”

भीमराज बाईंकडं बघतच राहिला. म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. रोज शाळेत जाताना, हमरस्त्यावरच्या ट्रकांच्या दाटीतून, ह्या अशाच बोलत असणार. जरा उजवीकडं. आणखी. हां.

“त्यांना सांगायचं कुणी?” बाई ओठांतल्या ओठांत म्हणाल्या.

भीमराजनं चिंधीला हात पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले.

“संध्याकाळपतुर नवं रबर घालतो,” तो मोठ्यानं म्हणाला. “पण नवं रबर घातलं की पहिला घाट मिस्त्रीनंच उतरवायचा असतो. नियमच आहे तसा. उद्या गाडी मी चालवणार.”

असा नियम कुठल्याच गॅरेजात नव्हता. बाईंनी चमकून वर पाहिलं. आता म्हातारा उसळणार, चार माणसांत आपली आई-बहीण काढणार, म्हणून भीमराज सावरून उभा राहिला.

“हाय, हाय,” धोंडीबा घाईघाईनं म्हणाले. “लई जुना नियम हाय, बाई. मीच इसरलो हुतो सांगायचं.”

मग गाडीच्या अंगावरून हात फिरवत, चाचपत, ते ड्रायव्हरच्या दारावरून पुढं मागच्या दारापाशी गेले. दार उघडून आत बसले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.