रेंगीतली उलटी टोपली

मी टोपली बोलतेय. खरं तर मी टोपली की खुर्ची, हे मला विणणाऱ्यालाही शेवटपर्यंत कळलं नाही, तेव्हा त्याचा वाद आपण नको घालायला. पोंभुर्ण्याकडच्या रानातला हिरवा बांबू होते मी. तेव्हा मला काही काम नव्हतं. वारा आला की हलायचं, वारा गेला की थांबायचं. अजूनही दुपारच्या वेळी मला तसंच हलल्यासारखं होतं. मग आठवतं, आता आपण झाड नाही, आपल्या पोटात एकेकाळी मूल झोपायचं.

मी जन्मले ती एका आईच्या काळजीतून. रंभा तिचं नाव. तिचा नवरा मुखरू जंगलखात्यात नाकेदार, आत रानातल्या नाक्यावर राहायचा. सासू आणि शेती गावात. त्यामुळे रंभाचं सारखं गावाहून नाक्यावर, नाक्याहून गावात चालायचं. रेंगी असायची, म्हणजे माणसं न्यायची हलकी बैलगाडी, वर तट्ट्याचं छप्पर. आणि ती हाकायचा रंभाचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ लटारू.

आता भासऱ्यापुढे बाईनं पदर कपाळावर ओढायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. त्यानंही तिच्याशी बोलायचं नाही. पण एवढ्या लांबच्या वाटेवर बोलण्यावाचून चालतं का? बैलांना पाणी दाखवायचं असतं, पोराला पाजायला थांबायचं असतं. म्हणून दोघं मांडीवरच्या बाळाशी बोलायची. चैत्रात झाला म्हणून त्याचं नाव चैतू.

"चैतू, मोठ्या बाबाले सांग, सावलीत थांबा म्हणा."

"चैतू, तुह्या मायले सांग, पुढं मोहाची सावली हाय, तिथी थांबू."

चैतू दोघांचं ऐकायचा आणि लाळ गाळायचा. निरोप मात्र बरोबर पोहोचायचा.

अडचण एकच होती. चैतू झोपला की गाडी मुकी व्हायची. झोपलेल्या लेकराजवळ निरोप कसा द्यायचा? एकदा असाच तो मांडीवर झोपला होता. समोर वाटेत मोठा खड्डा रंभाला दिसला. लटारूचं लक्ष बैलाच्या शिंगाला बसलेल्या माशीकडे होतं. रंभाच्या ओठांवर आलं, सांगावं. पण सांगावं कोणाला? तेवढ्यात चाक धाडकन खाली गेलं, चैतू मांडीवरून घसरला आणि त्याच्या कपाळावर बोराएवढं टेंगूळ आलं. टेंगूळ बसलं, पण रंभाच्या मनातला खड्डा काही बुजला नाही. त्या वर्षी आपला जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला असं लोक म्हणत. गाडीवाटेचे खड्डे मात्र होते तिथेच राहिले.

मग ती बांबूचं काम करणाऱ्या वारलूकडे गेली. छपराला झोळी टांगायची तर ती हेलकावे खाऊन खुंटाला आपटते. चहाचा खोका घ्यायचा तर त्याला खिळे. मांडीवरून तर तो घसरलाच होता. हे सगळं तिनं मनात फिरवून फिरवून ठेवलं होतं.

"बाई, तुले टोपली पायजे का खुर्ची पायजे?" वारलूनं विचारलं.

"आता त्यात झोपला पायजे, मंग बसला पायजे. पोरगं का एवढंच राहणार हाय?"

"मंग दोन करून देतो."

"दोन नाई, एकच. वाढत्या पोरासंगं वाढंल अशी."

"बांबू तोडला का मंग वाढत नाई बाई," वारलू हसून म्हणाला. पण विचारात पडला.

आणि मी झाले. खाली लांबट टोपली. तिला एक पाठ, दोरीनं जोडलेली. पाठ आडवी टाकली की पाळणा, उभी करून खुंटी घातली की खुर्ची. पाठीमागे दोन फास, त्यांतून दोर घालून मला रेंगीच्या पुढच्या आडव्या दांड्याला बांधायचं. बैलांचा साज विकणाऱ्या गफ्फारभाईंनी मऊ सुती पट्टा दिला, पितळी कडीचा. "लेकराच्या पोटाला टोचणार नाही बघ, बेटी," म्हणाले. गोऱ्ह्यासाठी केलेला पट्टा तो. सासू रुखमाबाई म्हणालीच, "नातू हाय माहा, गोऱ्हा नाई!"

पण खरा वाद झाला माझ्या तोंडावरून. मला बांधलं ते उलटं. माझी पाठ बैलांकडे, लटारूकडे, आणि चैतूचं तोंड मागे, आईकडे. ते रंभानंच ठरवलं. चाक खड्ड्यात गेलं की पोर पुढे फेकलं जातं. पुढे माझी पाठ असली तर धक्का मी खाईन. तसं नसलं तर तो धक्का त्याचं कपाळ खाईल.

"असं काऊन वं?" रुखमाबाई म्हणाली. "पोरगं जाऊन राह्यलं पुढं अन् पाहून राह्यलं मागं! लोक हसतीन ना."

"हसू द्या आत्याबाई. पडला तर रडणार तोच हाय."

लोक हसलेच. मला उलटी टोपली म्हणू लागले. मला त्याचं काही वाटलं नाही. ते दिवस किती गोड होते म्हणून सांगू! छपराच्या फटींतून उन्हाचे कवडसे आत येत आणि गाडीबरोबर चैतूच्या पोटावरून चालत. सागाची वाळलेली पानं चाकाखाली कुरकुरत. तो कवडसे धरायला मुठी मिटायचा, आणि मूठ उघडली की त्यात काही नसायचं. तरी तो हसायचा. मग डोळे जड व्हायचे. त्याच्या अंगाची ऊब माझ्या विणीत उतरायची आणि मला वाटायचं, मी परत रानात उभी आहे, वारा येतोय.

आता तो झोपला तरी रंभाला त्याचा चेहरा दिसायचा, नाकपुडीसुद्धा हलताना दिसायची. ती पुन्हा पुन्हा वाकून बघायची. पट्टा घट्ट झाला का, सैल झाला का, मान लवंडली का. मीही तिच्याबरोबर काळजी करायला शिकले.

पण पोर वाढतं. माझी पाठ आधी आडवी होती, मग एका खुंटीवर आली, मग वरच्या खुंटीवर. चैतूचे पाय आता माझ्या पुढच्या कडेला टेकून गुडघ्यात मुडपायचे. रंभा रोज त्या पायांकडे बघायची. फिरवावं का पुढे? पाय अवघडत असतील का? पण पाय अवघडले तर रडेल, आणि मान लचकली तर? फिरवू, पुढच्या खेपेला फिरवू, असं म्हणत तिची खेप पुढे ढकलली जायची.

एका फाल्गुनात ती घरात गाठोडं बांधत होती, तेवढ्यात रुखमाबाईनं अंगणात नातवाला माझ्यात बसवलं आणि मला उचलून सरळ फिरवलं.

"लटारू, बांध रे. पाय मुडपून कुठवर नेतं पोराले? बैल पाहू दे त्याले."

लटारूनं बांधलं. पण माझे फास होते पाठीला, आणि पाठ आता मागे आली होती, तिथे आडवा दांडा कुठला! त्यानं दोर बाजूच्या खुंटाला नेला आणि धानाच्या पोत्याला मारतात तशी गाठ मारली. हात सवयीचे त्याचे. पोतं जड असतं, ते स्वतःच्या भारानं गाठ ओढून धरतं. चैतूचा भार तो केवढा!

रंभा बाहेर आली आणि थबकली. सासू समोर, भासरा समोर. फक्त एवढंच म्हणाली, "चैतू, मोठ्या बाबाले इचार, दोर पक्का हाय का?"

"चैतू, तुह्या मायले सांग, पोतं गेलं नाई कधी माह्या गाठीतून."

निघालो. चैतू बैलांच्या शेपट्या पाहून चेकाळला, टाळ्या पिटल्या, आणि मोहाचा वास दाट झाला तसा पेंगला. झाडांखाली पिवळी फुलं पडली होती, सगळं रान त्या गोड वासानं झिंगल्यासारखं झालं होतं. मागे बसलेल्या रंभाला आता माझी नुसती पाठ दिसत होती. तिनं एकदा मान वाकवून बघितलं. चैतू झोपला होता. गाडी मुकी झाली.

पुढे नाल्याचा उतार लागला. मोहाखाली एक काळी पाठ हलली. अस्वल फुलं खात होतं. त्यानं आमच्याकडे बघितलंही नाही, पण बैलांना वास लागला. कान टवकारले आणि उतारावर ते एकदम सुटले. रेंगी उधळली. मी पहिल्यांदा डावीकडे सरकले. मग आणखी. मला कळलं, गाठ सुटतेय. दोर माझ्या फासांतून हळूहळू निघत होता, आणि डावीकडे उघडं चाक फिरत होतं. मी बांबू, मी कशाला धरणार?

रंभानं तो दोर पाहिला.

"चैतू, मोठ्या बाबाले," तिच्या तोंडून निघालं आणि थांबलं. चैतू झोपला होता. मग तिनं माझ्याकडे बघितलं. घाबरून गेलेल्या माणसाला काय सुचेल सांगता येत नाही. ती मला म्हणाली, "टोपले, सांग वं त्यायले, थांबवा म्हणा. टोपले, दोर सुटून राह्यला, सांग वं!"

मला कोणी तोवर निरोप दिला नव्हता. मला तोंड असतं तर मी रानभर ओरडले असते. पण चाकांच्या खडखडाटात आणि घुंगरांत तिचा बारीक आवाज लटारूच्या पाठीपर्यंत पोहोचला नाही. मी आणखी एकदा घसरले. माझी एक कड बाहेर लोंबू लागली.

आणि मग रंभा ओरडली. पदर कुठे गेला तिला भान नव्हतं.

"भाऊजी! थांबवा! पोरगं पडते ना!"

त्या घरात तिचा एवढा आवाज कोणी ऐकला नव्हता. बैलांनीही नाही. लटारूनं सगळ्या अंगाचा भार टाकून कासरा ओढला. रेंगी वाटेत आडवी वळून थांबली. मी चाकाच्या वर अर्धी बाहेर होते. रंभाचा एक हात माझ्या पट्ट्यात अडकला होता आणि दुसरा चैतूच्या छातीवर होता. लटारूनं उडी टाकून मला खालून धरलं.

चैतू झोपलेलाच होता. ओठ चोखत होता.

मोहाचं एक फूल टपकन छपरावर पडलं. रंभाला आपण काय केलं ते आता कळलं. तिनं पदर ओढला आणि अंग चोरून तोंड फिरवलं. लटारू सुटलेल्या दोराकडे बघत राहिला. मग खाली मान घालून त्यानं ती अर्धवट सुटलेली पोत्याची गाठ पुरती सोडली, मला फिरवून पूर्वीसारखं उलटं केलं, पुढच्या दांड्याला ओढून ओढून बांधलं. बांधून झाल्यावर रंभाकडे न बघता माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला,

"टोपले, तिले सांग. असं काही दिसलं का अशीच बोलत जाय म्हणा. कोणाची वाट पाहू नको म्हणा."

थोड्या वेळानं पुन्हा, "अन् पाय मुडपले तर मुडपू दे म्हणा. मोडत नाईत."

रंभा पदराआड रडत हसली. मला ते दिसलं, त्याला नाही.

गावी परतल्यावर रुखमाबाईनं विचारलं, "पाह्यले का नातवानं बैल?" लटारू म्हणाला, "पाह्यले. मंग झोपला." बाकी सगळं त्यानं पोटात ठेवलं.

त्यानंतर रंभा बोलू लागली. पदर तसाच, नजर खाली, पण बोलणं सरळ. "भाऊजी, डावीकडं दगड हाय." "भाऊजी, थोडं हळू." लटारूला मात्र ते कधी जमलं नाही. तो आपला माझ्याशीच बोलायचा. "टोपले, तिले सांग, नाल्याले पाणी हाय, पाय वर घे." पुढे चैतूचे पाय माझ्या कडेवरून लोंबू लागले तेव्हा रंभानं स्वतःच ठरवून मला फिरवलं, तेही वारलूकडून माझ्या पुढच्या कडेला नवे फास करून घेतल्यावर. मग चैतू माझ्यात मावेना. तो मोठ्या बाबाजवळ पुढे बसून कासऱ्याचं टोक धरू लागला. मी रिकामी. तरी लटारू मला दर खेपेला गाडीत चढवायचा.

"रिकामी टोपली काऊन नेतं रे?" रुखमाबाई विचारायची.

"राहू दे माय. कामाची हाय."

आता माझी वीण सैल झाली आहे. बोट लावलं की भुगा गळतो. पाठीची खुंटी मोडली, तेव्हा रंभानं मला नाक्याच्या पडवीत भिंतीला टांगलं. माझ्यात कांदे असतात. कांद्यांना पट्टा लागत नाही, ते कवडसे धरत नाहीत. तुमच्या घरात लेकराची अशी एखादी जुनी वस्तू असेल तर चुलीत घालायची घाई करू नका, एवढंच माझं मागणं. तिच्या अंगात खूप झोप साठलेली असते.

परवा लटारू रंभाला आणि चैतूला नाक्यावर सोडून परत निघाला. बैल जुंपले, सवयीनं रेंगीत वाकून बघितलं. मी तिथे नव्हते. त्यानं मान खाजवली, कासरा या हातातून त्या हातात घेतला. रंभा दारात उभी होती. चैतू अंगणात पळत होता, त्याला कोणाचं ऐकायला वेळ नव्हता. लटारूनं बैलाच्या वशिंडावर हात ठेवला.

मग तो म्हणाला, "बाई, येतो मी. उन्हातानात पोराले जपजो. अन् तूही जेवत जाय वेळेवर."

"हो भाऊजी," रंभा म्हणाली.

मी भिंतीवरून सगळं ऐकलं. त्यातलं एक अक्षरही माझ्यासाठी नव्हतं.