चिखलावर मेण

धाकट्या मेहुणीचं लग्न झाल्यापासून थोरल्या जावयाला एकच प्रश्न पडला होता: एवढा मठ्ठ माणूस हिने शोधला तरी कुठून? त्या रविवारी सासऱ्यांच्या अंगणात त्याला उत्तर नाही मिळालं, पण पुरावा मात्र डोळ्यांसमोर होता.

साडू आदल्या दिवशी लांबचा प्रवास करून आला होता. त्याच्या निळ्या गाडीच्या दारांवर चिखल वाळून खडखडीत झाला होता, चाकांमागे डांबराचे काळे शिंतोडे होते आणि बॉनेटवर किड्यांचा चेंदामेंदा. पाण्याचा नळ तिथेच कोपऱ्यात होता. साडूने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जुन्या बनियनचं फडकं घेतलं, धूळ कोरडीच झटकली आणि मेणाचा डबा उघडला.

थोरला जावई ओट्यावर खुर्ची टाकून बसला. त्याची स्वतःची काळी गाडी म्हणजे लाडाची लेक. तिला तो आधी भरपूर पाण्याने भिजवायचा, मग शाम्पू, मग रॉकेलच्या बोळ्याने डांबर, मग पुन्हा पाणी. हात फिरवून कुठे खरखर लागत नाही अशी खात्री झाल्यावरच मेणाला हात. हे साडूला एका वाक्यात सांगता आलं असतं. त्याने मिशीतल्या मिशीत हसून चहा मागवला.

"दादा, मेण दाबूनच घासायचं असतं ना?" साडूने विचारलं.

"दाब की. जोर तेवढा भरपूर दिलाय तुला देवाने."

साडू खूश होऊन आणखी रेटून घासायला लागला. फडक्याखाली वाळू करकर वाजत होती. बहिऱ्यालाही ऐकू गेली असती, पण या शहाण्याला नाही. वर शीळ घालत होता.

चहा घेऊन आलेली बायको थबकली. "अहो, आधी धुवायला नको का ती? आपल्या गाडीला तर तुम्ही धुतल्याशिवाय बोट लावू देत नाही."

"त्याची गाडी, त्याची अक्कल."

"सांगा ना मग त्याला!"

"शिकेल आपला आपण."

जेवून थोरला जावई समाधानाने आडवा झाला. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. तो डोळे चोळत बाहेर आला आणि पायरीवरच खिळला.

त्याच्या काळ्या गाडीशी साडू घामाघूम होऊन उभा होता. हातात तेच फडकं.

"डबा अर्धा उरला होता, दादा. म्हटलं तुमचीही करून टाकू. तुमच्या गाडीवरही धूळ होतीच. कशी चकाकतेय बघा!"

चकाकत होतीच. आणि तिरप्या उन्हात बॉनेटभर, दारांवर, टपावर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडेच ओरखडे दिसत होते. थोरल्या जावयाच्या तोंडात शिवी आली. पण ओरडायचं म्हणजे सकाळभर आपण बघत काय बसलो होतो, तेही सांगावं लागणार.

"छान," तो कसाबसा म्हणाला.

साडू हात धुवायला गेल्यावर बायको जवळ आली. तिने ओरखड्यांवरून बोट फिरवलं.

"त्याला माहीत तरी नव्हतं," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

पुढच्या आठवड्यात पॉलिशवाल्याने बरेचसे ओरखडे काढले, दारावरचे राहिलेच. साडूला थोरला जावई अजूनही मठ्ठच म्हणतो. फक्त बायको आसपास नाही ना, ते आधी बघून घेतो.