बावीस हसरे चेहरे

मी बोलतोय, नुबियाच्या ॲप्रनच्या खिशातून. मी तिच्या मोबाइलमधलं ॲप. कामगारांना नैराश्याने गाठू नये म्हणून मला बनवलं. रोज एकच विचारतो, "आज कसं वाटतंय?" खाली पाच चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत.

फाकातातिवा गावातल्या आमच्या गुलाबमळ्यात मॅनेजरने मला एकशे चाळीस जणींच्या मोबाइलवर टाकलं आणि त्याच आठवड्यात बारा तासांची पाळी लावली. फेब्रुवारीत साऱ्या जगाला प्रेमाचे गुलाब हवे असतात ना! हा निर्लज्जपणा माझ्या नावावर खपवू नका.

नुबियाने बावीस दिवस हसरा चेहराच दाबला. इथे कुणी विचारलं की "बरी आहे, देवाची कृपा" एवढंच म्हणायची रीत. तेच तिने मलाही सांगितलं. डबा मात्र तसाच घरी जायचा. काटा बोटात रुतला तरी तिला कळायचं नाही. माझ्या नोंदीत ती मळ्यातली सर्वांत सुखी बाई होती.

एकदा सकाळी दहाच्या कॉफीच्या सुट्टीत, शेजारच्या टेबलावर फुलं निवडणाऱ्या एडिल्माने ते पाहिलं.

"हसरा? आरशात बघितलंस का तोंड?"

"मग रडका दाबू? मॅनेजरला कळलं तर?"

"त्याला दिसत नाही. युनियनने तसं त्याच्याकडून लेखी घेतलंय. युनियनतर्फे सही माझीच आहे, बाई."

"आणि देवाला काय वाटेल?"

"त्याला आधीच ठाऊक आहे. या मोबाइललाच तेवढं ठाऊक नाही."

नुबियाने डोळे पुसले आणि रडका चेहरा दाबला.

मी आधी समुपदेशक बाईंचा नंबर दिला. मग विचारलं, "पूर्वी काय आवडायचं?" तिने लिहिलं, "तेहो." हा आमच्या इथला खेळ: चिकणमातीत ठेवलेल्या फटाक्याच्या पुडीवर लोखंडी चकती फेकायची, नेम लागला की धडाम! मी सुचवलं, "शनिवारी जा. एकटी जाऊ नकोस."

एडिल्मा बरोबर गेली. पहिल्या तीन चकत्या नुसत्या चिखलात.

"मॅनेजर समजून मार की!"

"तेच करतेय. मेला सारखा वाकतोय."

चौथी चकती गेली. धडाम! नुबिया इतकी हसली की मी खिशात हिंदकळलो. तिचं हसू मी पहिल्यांदाच ऐकलं.

मालकांनो, मला कामगारांना जरूर द्या, पण माझ्या आडून पाळ्या वाढवू नका. दमलेल्या माणसाला आधी सुट्टी लागते. आणि बायांनो, माझ्याशी तरी रीत पाळू नका.

सोमवारी नुबियाने मधला चेहरा दाबला. त्या बावीस हसऱ्यांपेक्षा मला तोच आवडला. मग तिने डबा उघडला आणि शेवटच्या घासापर्यंत खाल्ला.