खिडकीजवळची गुंडी

तिने काड्यापेटी जेवणाच्या टेबलावर उभी केली, तिच्या पायथ्याशी शर्टाची पांढरी गुंडी ठेवली आणि पट्टीने टेबलावर टकटक केलं.

"ही काड्यापेटी म्हणजे लिफ्टचा बोगदा. तळाला खड्डा. आणि ही गुंडी म्हणजे बांबूकाका. आता म्हणा, ही वॉज वर्किंग इन द पिट. तो खड्ड्यात काम करत होता."

"ही वॉज वर्किंग इन पिट," बाबा म्हणाले.

"इन द पिट! 'द' कुठे खाल्लात?"

"भूक लागली होती, बाई."

ती खुदकन हसली. तीन आठवड्यांत बाबांनी केलेला हा पहिला विनोद होता.

तिला 'बाई' म्हणणंही नवंच होतं. परवापरवापर्यंत ती शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसायची. मग शाळेच्या इंग्रजी भाषणाच्या स्पर्धेत पहिली आली आणि तिच्या जिभेला जणू पंख फुटले. तेव्हापासून घरात कुणाची धडगत नव्हती. आई कामावर निघताना "बाय" म्हणाली, तरी ही उच्चार सुधारायची. त्यामुळे बाबांच्या साहेबांनी इंग्रजीत टाइप केलेला जबाबाचा कागद दिला, तेव्हा बाबांनी तो मुकाट्याने तिच्यासमोर ठेवला. अपघाताची चौकशी करणारे अधिकारी उद्या येणार होते. त्यांना फक्त इंग्रजी येत होतं. कागदावरचं पाठ करायचं आणि तेवढंच बोलायचं. तिने कंबर कसली.

"पुढचं वाक्य. ही वॉज वर्किंग विदाउट टेलिंग मी. मला न सांगता."

बाबांनी पाण्याचा पेला उचलला, न पिताच खाली ठेवला. तेवढ्यात अर्धवट उघड्या दारातून काकू, बांबूकाकांची बायको, आत आली. शेजारच्याच खोलीत ती शिवणकाम करायची. भिंत इतकी पातळ, की तिकडे कुणी शिंकलं तर इकडून "जपा हो" म्हणायचे.

"ही तुमची कात्री. शिकवणी चाललीय वाटतं, भावजी?"

"हो वहिनी. उद्या साहेब यायचेत."

काकूची नजर टेबलावर गेली. काड्यापेटीवर, गुंडीवर. तिला कळलं की नाही, कुणास ठाऊक.

"खरं काय ते सांगा," ती म्हणाली. "उगाच पांघरूण घालू नका त्यांच्यावर. सांगून सांगून माझी जीभ झिजली, आधी मेन बंद करा, भावजींना सांगा, मगच उतरा. पण घाई! जेवायला घाई, चपला घालायला घाई. स्वतःच्या घाईने गेले." ती दारात थांबली. "फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलाय मी. मेल्या माणसावर इतका राग येतो, की धड रडूही येत नाही."

ती गेली. थोड्या वेळाने भिंतीपलीकडे तिचं मशीन खडखडायला लागलं.

बाबा कितीतरी वेळ दाराकडे बघत राहिले. बांबूकाका म्हणजे लिफ्टदुरुस्तीच्या कामातला त्यांचा बारा वर्षांपासूनचा जोडीदार. ताडमाड उंच, दारातून आत येताना दर वेळी वाकून चौकटीला नमस्कार करणारा. एक जण खड्ड्यात, तर दुसरा वर मेन स्विचपाशी. वरच्याने जागचं हलायचं नाही, हा कामाचा पहिला नियम.

"बाबा, लक्ष कुठाय? आता तुमची पाळी." तिने जुन्या कोटाची मोठी तपकिरी गुंडी घेतली. चमचा काड्यापेटीच्या डोक्याशी आडवा ठेवला. "चमचा म्हणजे स्विच. तुम्ही त्याच्याजवळ. आय वॉज स्टँडिंग निअर द स्विच."

बाबांनी एका बोटाने गुंडी सरकवली. पार टेबलाच्या कडेपर्यंत.

"निअर, बाबा! निअर म्हणजे जवळ." तिने गुंडी चमच्याशी आणून ठेवली.

बाबांनी ती पुन्हा सरकवली. तिथेच, कडेला.

"अहो, तिथे काय आहे?"

"खिडकी."

"कसली खिडकी?"

"वरच्या मजल्यावरची. स्विचच्या खोलीत रेंज धड येत नाही."

"मग बाय द विंडो म्हणा," ती बाईंच्या तोऱ्यात म्हणाली. "पण तुम्ही खिडकीपाशी कशाला..."

तिचा हात पट्टीवर तसाच राहिला. कागदावर सगळ्यात वर अपघाताची वेळ लिहिलेली होती. चार वाजून दहा मिनिटं.

त्या दिवशी त्याच सुमारास शाळेच्या ऑफिसातून, काखेत चषक धरून तिने फोन लावला होता. बाबा, मी पहिली आले! थांब, नीट ऐकू येत नाहीये, बाबा म्हणाले होते. चालल्याचा आवाज. हं, आता बोल. मग त्यांनी तिला भाषणाची सुरुवात म्हणून दाखवायला लावली होती. एकदा ऐकून पोट भरलं नाही. पुन्हा म्हण, म्हणाले. ती पुन्हा म्हणाली होती, हातवारे करून. मध्येच कुणीतरी ओरडलं आणि फोन बंद झाला. बॅटरी गेली असेल, असं तिला वाटलं होतं.

"त्याने सांगितलं होतं मला," बाबा पांढऱ्या गुंडीकडे बघत म्हणाले. "दादा, उतरतोय, हलू नका. मेन मीच बंद केला होता. पण मी तिथे नव्हतो. वॉचमनला बंद दिसला, त्याने चालू केला. त्या बिचाऱ्याला काय माहीत?"

मशीन खडखडत होतं.

"तू कागदावरचंच शिकव," बाबा म्हणाले. "नोकरीचं जाऊ दे. पण तुझा फोन यात यायला नको. तू यात नाहीस."

तिने कागद उलटा केला, पेनाचं टोपण काढलं आणि कोऱ्या बाजूवर दोन ओळी लिहिल्या. अक्षर नेहमीसारखं टपोरं आलं नाही. मग तिने पट्टी उचलून हळूच टेबलावर टेकवली.

"म्हणा. आय वॉज स्टँडिंग बाय द विंडो."

"नको, बाळ."

"म्हणा, बाबा."

त्यांनी म्हटलं.

"आय वॉज टॉकिंग टू माय डॉटर."

पहिल्यांदा त्यांचा आवाज शेवटच्या शब्दापर्यंत पोहोचलाच नाही. दुसऱ्यांदा अर्ध्यावर तुटला. तिसऱ्यांदा वाक्य पुरं झालं, स्वच्छ, एकही शब्द न खाता. पलीकडे मशीन तसंच चालू राहिलं. काकूला इंग्रजी येत नव्हतं.

तिने पट्टी खाली ठेवली.

"आता आपल्या भाषेत," ती म्हणाली. "मोठ्याने."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे.

"मी खिडकीपाशी उभा होतो," ते म्हणाले.

पलीकडचं मशीन थांबलं.