एक चमचा दही

अनुयाने एक अख्खा ग्रह बिघडवला. पण तूर्तास तसं काही झालंच नाही असं धरून चालू. कारण त्या शनिवारी सकाळी ती पापाटोएटो नावाच्या परदेशी उपनगरातल्या घरात ओट्यापाशी उभी राहून, पातेल्यात करंगळी बुडवून, विरजायचं दूध कोमट झालंय का एवढंच बघत होती.

झालं होतं. बरोब्बर ग्रॅहमच्या तळहाताइतकं.

ग्रॅहम परग्रहावरचा होता. नाव त्याने कोपऱ्यावरच्या डेअरीच्या पाटीवरून उचललं होतं, मराठी आठवड्याभरात शिकला होता, जँडल्स, म्हणजे रबरी चपला, मात्र वर्षभर उलट्या पायांत घालत राहिला. सेव्हन्थ फॉर्मचं, म्हणजे शाळेचं शेवटचं, ते वर्ष त्याने अनुयाच्या शेजारी बसून काढलं. तो देशाच्या पार दक्षिण टोकाच्या इन्व्हरकार्गिलचा आहे असं तिने आईला सांगून टाकलं होतं. आईचं, म्हणजे विनयाताईंचं, तेवढ्याने समाधान झालं.

पहिल्यांदा हात धरला तेव्हा तो म्हणाला होता, "आमचा समुद्र असाच कोमट आहे. पांढरा, दाट. आम्ही सगळे त्यातच राहतो. तिथे काही आंबत नाही, काही सडत नाही."

"बोअर होत नाही?"

"आता होईल," तो म्हणाला होता.

आणि आज तो निघाला होता. पापाकुरापर्यंत ट्रेनने, तिथून पुढे एका कुरणातून सरळ वर.

"काकू, येतो."

"थांब रे! कोरड्या हाताने निघतात का? अनु, दही घाल त्याच्या हातावर."

"हे कशासाठी?" ग्रॅहमने तळहात पुढे केला.

"माणूस परत यावा म्हणून. आणि हे साधंसुधं दही नाही हं," विनयाताईंचा आवाज उगाच खाली आला. "नव्वद साली पुण्याहून विरजण रुमालावर वाळवून आणलंय मी. इथल्या एअरपोर्टवर त्यांनी माझं लोणचं फेकलं, बुटांचा चिखलसुद्धा धुऊन काढला. रुमालाकडे कुणी ढुंकून बघितलं नाही."

अनुयाने चमचा उपडा केला. ग्रॅहम दह्याकडे बघत राहिला. घरचं कुणी इतक्या आदराने दह्याकडे कधी बघितलं नव्हतं.

चाटून टाकायचं असतं ते, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. बायॉलॉजीत तिला ब्याण्णव मार्क होते. पण चाटलं की संपलं असतं. तिने त्याची बोटं एकेक करून मिटली.

"सांभाळून ने."

"स्वीट ॲज," तो इथल्या पोरांसारखा होकार देत म्हणाला, आणि मूठ छातीशी धरून उलट्या जँडल्समध्ये फाटकाबाहेर पडला.

फेब्रुवारीत विनयाताई त्यांच्या औषधांच्या दुकानातून एक फॅक्स घेऊन आल्या. डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांमध्ये निघाला होता तो.

'प्रिय अनुया, घरी पोचेपर्यंत मूठ उघडली नाही. पोचल्यावर उघडली. तिसऱ्या दिवशी समुद्र लागला. सगळे सुखरूप आहेत, फक्त कुणाला हलता येत नाही. आजी म्हणते चव छान आहे. मी परत येणारच होतो. पण कुणी जरा हललं की तेवढा भाग मोडतो आणि पाणी सुटतं, आणि शेजारी ओरडतात. तू वाईट वाटून घेऊ नकोस. हात अजून कोमट आहे.'

"काय म्हणतोय?" विनयाताईंनी पिशवी खाली ठेवत विचारलं.

"त्यांच्याकडे दही लागलं."

"बघ! आपलं विरजण कुठेही लागतं." त्या खूश होऊन आत गेल्या, आणि जाता जाता म्हणाल्या, "पुढच्या वेळी आंबट झालं तर त्याला म्हणावं, थोडी साखर घाल."

अनुयाने फॅक्सची चार वेळा घडी घातली. मग वहीचा कोरा कागद फाडला, पट्टीने समास आखला आणि सुवाच्य अक्षरात लिहायला घेतलं.

'प्रति, मा. मुख्य अधिकारी, विमानतळ तपासणी. विषय: एक चमचा दही. महोदय, सजीव पदार्थ सीमेपार नेऊ नयेत हा नियम मला त्या वेळी पूर्ण माहीत होता. तरी दि. १४ डिसेंबर १९९६ रोजी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी सदर दही माझ्या हातातून, चमच्यात असतानाच, जप्त करण्यात यावे, व या आदेशाचा अंमल मागील तारखेपासून व्हावा, ही नम्र विनंती.'