सगळ्या जीवांत एक

हरिपुरात हळदीचं पेव उघडताना घाई चालत नाही. जमिनीखालच्या त्या खोल खड्ड्याचं तोंड मोकळं करायचं, आत कोंडलेली हवा निघून जाऊ द्यायची, मग दिवा सोडून बघायचा. दिवा विझला नाही तरच माणूस खाली उतरतो. रामगोंडाला हे लहानपणापासून ठाऊक होतं. तरी एकोणीसशे त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात तो दिवा न सोडताच उतरला आणि आतच गुदमरून गेला.

त्या सकाळी त्याच्या बायकोनं, आक्काताईनं, गड्याकरवी निरोप धाडला होता, "जेवान झालंय, बिगीनं या."

एवढंच. पण ते बोलणं तिच्या काळजात रुतून बसलं. सुतक फिटलं, पाहुणे पांगले, मूलबाळ नव्हतंच. घरात ती एकटी उरली. दार लोटलं की तिचा श्वास कोंडायचा, हातपाय गार पडायचे, आता आपण मरतो असं वाटायचं. वैद्यांनी नाडी बघून काही नाही म्हणून सांगितलं. बायका कुजबुजायच्या, रामगोंडा हिला बोलावतोय. हळूहळू ओट्यावर टेकणाऱ्या शेजारणीही येईनाशा झाल्या. जैनांच्या बस्तीत, देवळात, दर्शनाला जाणं तिनंच सोडलं.

दिवाळीनंतर सासू आली. चंद्राबाई थोरल्या लेकाकडे जतला राहायची. आक्काताईला तिच्याकडे वर मान करून बघवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला म्हणून चंद्राबाईनं दार लावलं. आक्काताई धडपडत कडीकडे धावली. कडी निघेना. सासूनं येऊन कडी काढली, दार उघडं केलं आणि तिला धरून उभं केलं.

"पळू नगंस. पाय भुईवर हायत न्हवं? टाचा बघ आदी. बस्तीत काया सोडून उभं ऱ्हातो, तसं. टाचा सोड. पिंढऱ्या सोड. खांदं सोड. श्वासाला वढू नगंस, त्यो त्याचा येतोय, त्याचा जातोय."

श्वास खाली बसला तशी आक्काताई म्हणाली, "आत्याबाई, मीच त्यास्नी बिगीनं या म्हणलं."

"ठावं हाय मला. गड्यानं सांगितलं." चंद्राबाई खाली बसली. "खोटं कशाला बोलू, लय राग आला तुजा. सांजंला सगळ्या जीवांना क्षमा म्हणायची मी. मुंगीला क्षमा, किड्याला क्षमा. तुजं नाव मातूर जिभंवर यायचं न्हाई. आलं, तवा आले हितं."

आक्काताई रडायला लागली.

"आता तुजी तू सोताला क्षमा कर, पोरी. सगळ्या जीवांत तूबी एक जीव हाईस का न्हाई?"

"मला न्या तुमच्यासंगं."

"थोरल्याच्या घरात मलाच कोपरा न्हाई गं," म्हातारी म्हणाली. चार दिवसांनी ती गेली.

त्यानंतर आक्काताई रोज दुपारी तशी उभी राहू लागली. सुरुवातीला जास्तच त्रास झाला. टाचांपासून गुडघ्यांपर्यंत अंग सोडत यायची, तेवढ्यात भीती चढायची आणि ती दाराबाहेर पळायची. स्वतःला शिव्या घालायची. मग एके दिवशी तिनं आपणहून दार लोटलं. छाती दाबल्यासारखी झाली तसा तिनं छातीवर हात ठेवला, तापानं फणफणलेल्या पोरीच्या कपाळावर ठेवावा तसा.

"भ्यालीस व्हय?" ती म्हणाली. "भी की. मी हाय हितं."

रिकाम्या घरात स्वतःचा आवाज ऐकून तिला हुंदका आला. तिनं तो अडवला नाही. रडता रडता श्वास कधी सावकाश झाला तिला कळलंही नाही. दार लोटलेलंच होतं.

भीती पुढंही यायची. सांगलीच्या बाजारात, भर गर्दीत ती मध्येच थांबायची, पिशवी खाली ठेवायची, डोळे मिटायची. ओळखीच्या बायका बघून न बघितल्यासारखं करत पुढं जायच्या. ती खांदे सैल सोडायची, जरा वेळ तशीच उभी राहायची आणि मग पिशवी उचलून भाजीकडे वळायची.