तक्रारपेटीवरचा दरोडा

सिनेमातल्या चोरांनी बँक लुटली, तेव्हा थिएटरात सगळ्यात जोरात टाळ्या पडल्या त्या बँकेच्या लोकांच्याच.

हसतखेळत दरोडा घालणाऱ्या टोळीचा तो सिनेमा भलताच गाजत होता. सावधगिरी म्हणून मॅनेजरसाहेबांनी रविवारी आपली सगळी शाखा तो बघायला नेली. सगळी शाखा म्हणजे साहेब धरून चार माणसं. कॅशियरबाई, दारावरचे पहारेकरी मामा आणि एक कारकून. कारकुनाला सगळे 'वादळ' म्हणत, कारण त्याच्याइतकं सावकाश काम कुणालाच जमत नसे. मामांनी हा सिनेमा आधीच पाहिला होता. तरीही चोर आता सापडणार असं वाटलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"मामा, तुमचं काम चोर पकडायचं आहे," साहेब अंधारात कुजबुजले.

"असल्या चोरांना नाही हो साहेब. बघा की, किती मन लावून काम करतात!"

ते खोटं नव्हतं. चोरांच्या बैठकीला सगळे वेळेवर आले होते. एक बोलत असताना बाकीचे ऐकत होते. 'हे माझ्याकडे नाही, पलीकडच्या टेबलावर जा,' असं एकही चोर म्हणाला नाही. आणि त्यांचा म्होरक्या प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचा, "हे फक्त तूच करू शकतोस." कॅशियरबाईंना हे वाक्य सगळ्या नोकरीत कुणी ऐकवलं नव्हतं. त्यांनी पदराने नाक पुसलं आणि सर्दी झालीय म्हणून सांगितलं.

साहेबांना मात्र सिनेमा झोंबला. त्यातला बँकेचा मॅनेजर तिजोरीची किल्ली कोटाच्या खिशात ठेवायचा आणि कोट खुर्चीवर टाकून जेवायला जायचा. थिएटर पोट धरून हसत होतं. वादळाने मान वळवून आधी साहेबांच्या कोटाकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. बँकेत तिजोरीच्या खोलीचं दार दोन किल्ल्यांनी उघडतं. एक मॅनेजरकडे, दुसरी कॅशियरकडे. दोन्ही लावल्याशिवाय दार ढिम्म हलत नाही. एकट्यादुकट्याला मोह झाला तर काय, याचा विचार नियम करणाऱ्यांनी केला होता. एकट्यादुकट्याला शहाणपण सुचलं तर काय, याचा मात्र राहून गेला होता.

सोमवारी संध्याकाळी साहेबांना शहाणपण सुचलं. कुणाच्या बापाला सापडणार नाही अशा जागी त्यांनी आपली किल्ली ठेवली आणि शीळ घालत घरी गेले.

मंगळवारी बँक उघडते न उघडते तोच एक तरुण नर्स धावत आत आली. परदेशातल्या इस्पितळात तिला नोकरी लागली होती. विमान संध्याकाळचं होतं. उद्या हजर झाली नाही तर जागा दुसरीला जाणार होती. पासपोर्ट हरवू नये म्हणून तिने तो बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला होता आणि लॉकर होते त्याच दोन किल्ल्यांच्या दारामागे.

"दोन मिनिटांचं काम," कॅशियरबाई आपली किल्ली काढत म्हणाल्या. "साहेब, तुमची?"

"एकदम सुरक्षित आहे," साहेब हसले आणि त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं.

भिंतीवर तक्रारपेटी होती. लाकडी, वर चीर असलेली.

"तिच्यात आजवर कुणी डोकावलेलं नाही," साहेब म्हणाले. "चोराचं सोडा, आपणही नाही!"

"जागा झकास निवडलीत," बाई म्हणाल्या. "आता काढा."

साहेब पेटीपाशी गेले. पेटीला कुलूप होतं. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं.

"हिची किल्ली कुणाकडे असते?"

"असते?" वादळाने विचारलं. "म्हणजे, आहे?"

साहेबांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला. तिजोरीची जादा किल्ली दुसऱ्या गावच्या शाखेत होती. अर्ज करा, आठवडाभरात बघू. बरं, निदान तक्रारपेटी फोडायची परवानगी? ते तक्रार विभागाला विचारा. तक्रार विभागातला माणूस फार सौजन्याने बोलला. "लेखी द्या ना. तुमच्या शाखेत तक्रारपेटी असेलच, तिच्यात टाका."

साहेबांनी फोन ठेवला. नर्स मटकन बाकावर बसली.

तेव्हा कॅशियरबाई उठल्या. त्यांच्या डोळ्यांत रविवारची चमक होती.

"मामा, शटर अर्धं खाली घ्या. आपण ही पेटी लुटायची."

त्यासरशी शाखेत जान आली. बैठकीला सगळे ताबडतोब हजर. पेन्शनची कागदपत्रं ज्याच्या टेबलावर पिकून पिवळी व्हायची, तो वादळ घटकेत भिंतीचा नकाशा काढून मोकळा झाला.

"पेटी समोर दिसतेय," नर्स म्हणाली. "नकाशा कशाला?"

"नकाशाशिवाय दरोडा नसतो, सिस्टर."

मामांनी काळा चष्मा घातला. आत काही दिसेना, तेव्हा कपाळावर चढवला. म्होरक्या कोण, यावर बाई आणि साहेबांची जुंपली. किल्ली लपवणाऱ्याने गप्प बसावं, असं बाईंचं मत पडलं. मग चौघांनी खांद्याला खांदा लावून पेटीपर्यंत चालून पाहिलं. मामांचा पाय चुकला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

"अहो, माझं विमान आहे!" नर्स ओरडली. तिचा आवाज फुटला. "आई बाहेर टॅक्सीत सामान घेऊन बसलीय. तुम्हाला गंमत सुचतेय! लहानपणी गल्ल्यातले पैसे काढले नाहीत का कुणी?"

चौघेही आपापल्या बोटांकडे बघू लागले. साहेबांचे कान लाल झाले.

"पट्टी आहे का?" त्यांनी हळूच विचारलं. "स्टीलची. पातळ."

पेटी नुसती दोन खिळ्यांवर टांगलेली होती. इतक्या वर्षांत कुणी हात लावला नव्हता, म्हणून कुणाला माहीत नव्हतं. साहेबांनी ती उतरवली, उलटी करून मांडीवर घेतली, चिरेत पट्टी तिरपी सरकवली आणि जिभेचं टोक बाहेर काढून पेटी हलकेच हलवू लागले. आधी चॉकलेटचा कागद पडला. मग बसचं तिकीट. मग चिठ्ठ्या.

"'कृपया ही पेटी अधूनमधून उघडत जा,'" बाईंनी एक वाचली.

"वाचू नका, हात हलतो."

आत खळकन वाजलं. साहेबांनी श्वास रोखला, मनगट जरासं वळवलं आणि किल्ली पट्टीवरून घसरत फरशीवर पडली.

बाईंनी साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, हे फक्त तुम्हीच करू शकत होता."

कौतुक होतं की टोमणा, हे साहेबांनी विचारलं नाही.

नर्सला पासपोर्ट मिळाला, तेव्हा चौघांनी टाळ्या वाजवल्या. शटरखालून वाकून बाहेर पडता पडता ती थबकली, मागे आली. आभार मानणार म्हणून साहेबांनी कोट नीट केला. तिने काउंटरवरचा कागद घेतला, काहीतरी खरडलं, घडी करून पेटीत टाकलं आणि धूम ठोकली. बाहेर टॅक्सी सुरू झाल्याचा आवाज आला.

पेटी पुन्हा भिंतीवर गेली. वादळ उगाच पेटीवरून दोनदा जाऊन आला.

"काय लिहिलं असेल हो?" मामांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता शटर अर्धं खाली ओढलं.

साहेबांनी पट्टी मागितली.

तेव्हापासून त्या शाखेत दर शनिवारी तक्रारी वाचल्या जातात. मामा दाराशी पाळत ठेवतात, बाई हुकूम सोडतात, वादळ कागद झेलतो. पंख्याची तक्रार मिटली, रांगेतल्या म्हाताऱ्यांना खुर्च्या आल्या. मुख्य कार्यालयाने खूश होऊन पेटीची नवी किल्ली पाठवून दिली.

ती त्यांनी तिजोरीत ठेवून दिली आहे.